शेवंतीचा सोनचाफा

"काय घालतंस गो झाडाक?" रुक्मिणीने हसत विचारलं.

"माका खंय येळ?" शेवंती म्हणाली. "धोंडू पाइप सोडता, तेवढांच. आपोआप वाढता."

खोटारडी, रुक्मिणी मनात म्हणाली. आपोआप फक्त केस गळतात.

मालवणच्या बाजारामागची ही जागा, वर्षापूर्वी तिथे फुटके टीव्ही आणि करवंट्या पडायच्या. शाळेतल्या किशोरीबाईंनी घरोघर फिरून माणसं गोळा केली, कचरा उपसला आणि प्रत्येक घराला एक आळं आणि सोनचाफ्याचं एक कलम दिलं. नावाच्या पाट्या नकोत, भांडणं होतील, असं त्यांचं म्हणणं. मग धोंडू रिक्षावाल्याने प्रत्येक आळ्याशी एकेक रंगवलेला दगड ठेवला. रुक्मिणीचा निळा, शेजारी शेवंतीचा पिवळा.

धोंडू कामाचा माणूस, पण वात्रट. पर्यटकांनी किल्ल्याची होडी कुठे विचारली, की हा त्यांना मासळीच्या लिलावात नेऊन उभं करायचा आणि लांबून हसत बसायचा.

लावणीच्या दिवशी अख्खी आळी आली. रुक्मिणीचा नवरा सत्यवान तेवढा आला नाही. "मी काय वनखात्यात कामाक आसंय?" असं म्हणून सोफ्यावर आडवा झाला. एसटीतून निवृत्त झाल्यापासून त्याचा स्टॉप तोच.

"लोकांचे घोव झाडाक पाणी घालतत," रुक्मिणी त्याला ऐकवायची. "माझो घोव सोफ्याक खत घालता."

सत्यवान कूस बदलायचा. पुढे पावसाळा सरल्यावर तो पहाटे फिरायला जायला लागला. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाला.

आणि त्याच सुमारास शेवंतीचा सोनचाफा उठला. पानं तळहाताएवढी, फांद्यांवर कळ्या. रुक्मिणीचं झाड मात्र आजारी माणसासारखं उभं. शेवंतीचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात पुरुष नाही, कोणाची मदत नाही, आणि झाड बघा!

"तिका घोव नाय तरी झाड सांभाळता," रुक्मिणी जेवताना म्हणाली. "माका आसा, नि उपेग काय?"

सत्यवानने मान वर केली नाही. फक्त गालात हसल्यासारखं केलं. तिला ते हसणं आवडलं नाही.

मग तिचं लक्ष जायला लागलं. फिरून आला की त्याच्या चपलांना चिखल. हातांना मासळीचा वास.

"खंय गेल्लास?"

"बंदरार."

"मग मासे खंय?"

"महाग होते."

हाताला वास आणि पिशवी रिकामी. रुक्मिणीने चहा त्याच्यासमोर जरा जोरातच आदळला.

किशोरीबाईंनी जाहीर केलं, "रविवारी बागेचं उद्घाटन. पाहुणा वगैरे कोणी नाही. ज्या झाडाला पहिलं फूल, त्या घरच्या बाईने फीत कापायची."

सगळ्यांनी शेवंतीकडे बघितलं. शेवंती लाजली. रुक्मिणीनेही टाळ्या वाजवल्या, तळवे लाल होईपर्यंत.

शनिवारी सत्यवान बाहेर पडल्यावर ती मागोमाग निघाली. त्याचा माग काढायचा म्हणून नव्हे. शेवंतीच्या दोनचार कळ्या खुडल्या तर कोणाला कळणार होतं!

बागेत शिरली आणि माडाआड थांबली.

पिवळ्या दगडाशी सत्यवान गुडघे टेकून बसला होता. डब्यातून मासळीचं पाणी बुंध्याला घालत होता. मग खांद्यावरच्या पंच्याने त्याने एकेक पान पुसलं. घरी स्वतःचं ताट न उचलणारा माणूस!

"उद्या फूल गो बाय," तो कळीला म्हणाला. "तिच्या तोंडार हसू बघूचां आसा माका."

तिच्या.

रुक्मिणीने माड घट्ट धरला. तीस वर्षं या माणसाला ती माशांचे काटे काढून देत होती.

तो डबा लपवून चहाच्या टपरीकडे गेला. रुक्मिणी पुढे झाली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी ते झाड मुळासकट उपटलं. गटाराच्या कडेला फेकलं. वळली, तेव्हा तिला दिसलं, निळ्या दगडाच्या तिच्या रोडक्या झाडाला पानाआड एक टपोरी कळी होती. उमलायलाच आलेली.

ती घरी आली. हात धुतले. घावणे घातले. उद्या फीत ती कापणार होती. त्याआधी आज त्याचा हिशेब होणार होता.

सत्यवान उशिरा आला. धापा टाकत, हात मातीने भरलेले.

"माका सगळां म्हायत आसा," ती म्हणाली. "बागेत जातास ना तुमी रोज?"

तो दारातच थांबला. "तुका धोंडून सांगल्यान?"

"धोंडूचो काय संबंध?"

"तेणांच तर माका तुझां झाड दाखवल्यान. पिवळ्या दगडाकडलां." त्याने मातीचे हात तिच्यापुढे धरले. "उद्या तुका फीत कापताना बघूचां होतां गो. आता चाय पिऊन परत बघूक गेलंय, तर कोणी तरी मुळासकट उपटल्यान."

रुक्मिणीने पदर डोळ्यांना लावला.

"रडां नको," सत्यवान हात झटकत म्हणाला. "ही शेवंती जळता तुझ्यार, माका काय कळणा नाय? मी पण सोडूक नाय. तिचां तां निळ्या दगडाकडलां, कळीसकट उपटून इलंय."