ओ द्यायची नाही

खोक्याच्या झाकणाची दोरी कुणी ओढायची, यावरून मुलांमध्ये चांगलीच जुंपली होती. ताई लांब, अवजारांच्या खोलीच्या दारात उभी होती. एरवी तिनं हे भांडण एका वाक्यात मिटवलं असतं. जखमी पक्ष्यांच्या या दवाखान्यात शाळेची मुलं आली की ही बाई पिसं, हाडं, रिकामी घरटी त्यांच्या हातात देऊन दिवसभर बोलत सुटायची. "ताईंच्या तोंडाला कुलूप घाला कुणीतरी," असं पक्ष्यांचे डॉक्टर गमतीनं म्हणायचे. आज मात्र ते गमतीनं बोलत नव्हते.

"तुम्ही घरीच राहिला असतात तर बरं झालं असतं," सकाळी ते म्हणाले होते.

"लांब उभी राहते. चकार शब्द काढणार नाही. पण मला बघू द्या हो तिला जाताना."

खोक्यात घार होती. वादळात घरटं पडलं तेव्हा ओल्या कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू होतं ते. इथला नियम कडक. पिल्लाला भरवायला जाताना डोक्यावरून कापडी टोप ओढायचा. त्याला डोळ्यांपुरती दोन भोकं, तोंडाला नाही, कारण बोलायचंच नाही. पिल्लानं माणसाला आई समजता कामा नये. नव्या लोकांना हे शिकवायची ताईच, आणि मोडलं तेही तिनंच. त्याच वर्षी तिची लेक तापानं गेली होती. घरी भिंतींशी किती बोलणार? एक दिवस भरवता भरवता तिनं टोप काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "खा गं ठमे, एवढा एक घास." झालं. तिथून रोजच्या गप्पा सुरू.

ठमी वाढली, पंख धडधाकट झाले, पण जाईल तर शपथ. सोडली की ताईचा आवाज शोधत परत. मग डॉक्टरांनी दोघींना तोडलं. ठमीला पलीकडच्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवून शिकार शिकवली. आज शेवटची संधी होती. आजही माणसाकडे परतली, तर जन्मभर जाळीच्या आत. ताईला हे सगळं कळत होतं. पण कळून काय करता, जीव ऐकतो होय?

शेवटी दोरी एका चष्मेवाल्या मुलीच्या हातात आली. "सगळ्यांनी ओठ शिवायचे," डॉक्टरांनी बजावलं, आणि झाकण उघडलं.

घार क्षणभर तशीच बसली. मग एकदम उठली, मुलांच्या डोक्यावरून गेली, छपरावरून गेली. खूप वर तिच्यासारख्याच घारी गोल गोल फिरत होत्या. जा बाई, जा, ताई मनात म्हणत होती. मागं वळून बघू नकोस.

पण ती वळलीच. पाण्याच्या टाकीच्या कडेवर येऊन बसली आणि तिनं हाक मारली. बारीक, थरथरती, भुकेल्या पिल्लाची हाक. एवढी थोरली घार, आणि आवाज तोच, कापसाच्या बोळ्याचा.

चष्मेवाली मुलगी हळूच ताईपाशी सरकली होती. "ताई, ती कुणाला हाक मारतेय?" तिनं कानात विचारलं.

मुलानं विचारावं आणि ताईनं उत्तर देऊ नये, असं आजवर झालं नव्हतं. मला गं, मला, हे अगदी जिभेवर आलं. ताईनं ते गिळलं. तिकडं ठमीनं टाकी सोडली आणि ती सरळ खोलीच्या दिशेनं निघाली. डॉक्टर हातवारे करत होते, आत जा, आत जा.

ताई आत गेली. दार लावून घेता आलं असतं. पण बंद दारासमोर ठमी संध्याकाळपर्यंत बसून राहायची, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक? खुंटीला टोप लटकत होता. तिनं तो डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढला आणि पुन्हा बाहेर आली.

"अगं बाई, भूत!" कुणीतरी फिस्कन हसलं. शाळेच्या बाईंनी डोळे वटारले.

घार खाली आली. इतकी खाली, की पंखांचा वारा कापडाला लागला. तिनं ताईभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. पुन्हा तीच हाक मारली. ताई खांबासारखी उभी राहिली. हात वर जाऊ नयेत म्हणून तिनं दोन्ही मुठी आवळून धरल्या. खाली चेहरा नव्हता, आवाज नव्हता, नुसतं कापड आणि दोन भोकं. ओळखीचं कुणीच नव्हतं.

घार वर उठली. टाकीच्या वर, झाडांच्या वर, त्या बाकीच्या घारींमध्ये शिरली. मग त्यातली ठमी कोणती, हे ताईलाही सांगता आलं नसतं.

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. डॉक्टर घाम पुसत जवळ आले. "गेली. जिंकलात ताई. काढा आता ते."

ताईनं टोप काढला नाही.

"ताई, आता बोला ना," चष्मेवाली मुलगी तिचा हात हलवत म्हणाली. "ती गेली. कुणाला हाक मारत होती, सांगा ना."

ताईनं एकदा वर पाहिलं. मग टोपावर, जिथं भोक नव्हतं तिथं, बोट ठेवलं. तिथलं कापड ओलं झालं होतं.