एका मुक्कामाची सहल

“मोटारीनं दीड तासात पोहोचू, आई. बसचा हट्ट कशाला?” हिलरीनं पुन्हा विचारलं.

चहा गरम राहावा म्हणून एनिडनं किटलीवर लोकरीची टोपी चढवली आणि बिस्किटांची बशी लेकीपुढे सरकवली. त्या घरात ‘नाही’ हे असं न बोलताच सांगितलं जायचं.

ऐंशीव्या वाढदिवसाला कुठं जायचं ते तूच ठरव, असं हिलरी बोलून बसली होती. आई एखादा समुद्रकिनारा सांगेल, फार तर स्कॉटलंड, असं तिला वाटलं होतं. आईनं सांगितलं हॉपस्टन. श्रॉपशरच्या टेकड्यांमधलं हे गाव म्हणजे एक चर्च, एक पब आणि बाकी सगळ्या मेंढ्या. पबच्या वर भाड्यानं मिळणाऱ्या दोन खोल्या. एक रात्र राहायचं आणि सकाळी परत फिरायचं, तेही आगगाडीनं आणि बसनं. म्हातारीला ज्येष्ठांच्या फुकट बसपासाची हौस फेडायची असेल, असं हिलरी नवऱ्याला म्हणाली होती आणि दोघंही हसली होती.

आता तिचं हसू आटलं होतं. वुल्व्हरहॅम्प्टनहून श्रूजबरी, तिथं गाडी बदलून लडलो, इथवर सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं होतं ते पुढच्या बसपाशी. एके काळी रोज धावणारी बस आता फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होती. म्हणजे बसनं जाऊन दुसऱ्या दिवशी बसनंच परतणं शक्यच नव्हतं. हिलरीनं पबवाल्या बाईला फोन केला. बसचं नाव ऐकून ती बिचारी म्हणाली की गावात एक टॅक्सीवाला आहे, त्याला सांगून ठेवते.

हिलरीनं मग मधला मार्ग काढला. शुक्रवारी बसनं जायचं, खिडकीतून टेकड्या बघायच्या. शनिवारी टॅक्सीनं लडलोला यायचं. तिच्या मते यात आईचंही मन राखलं जात होतं.

“उलट कर,” एनिड म्हणाली. “जाताना काहीही चालेल. येताना बस हवी.”

हिलरीनं फोन टेबलावर आपटला. बसमध्ये तुझा जीव कधी रमलाय, असं ती फटकन बोलली. आणि ते खोटं नव्हतं. बसमध्ये बसली की एनिड पर्स छातीशी धरायची आणि उतरेपर्यंत ती थोपटत राहायची. घरात त्याची कायम थट्टा चालायची. हिलरीचे बाबा, केनेथ, उतरताना हमखास विचारायचे, काय गं, पर्स झोपली का? एनिडही सगळ्यांबरोबर हसायची. ते जाऊन चार वर्षं झाली, पण थट्टा मागे राहिली होती.

आज एनिड हसली नाही. तिनं कप खाली ठेवला.

“त्या बसमधून एकदा रिकाम्या हातांनी यायचंय मला.”

हिलरीला काही उमगलं नाही. तू कधी गेली होतीस तिथं, तिनं विचारलं.

एनिडनं सांगितलं, आणि सांगताना ती टेबलावरचे बिस्किटांचे कण बोटानं एकत्र करत राहिली. तुझे बाबा भेटायच्या आधीची गोष्ट. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. हॉपस्टनला चर्चच्या बायकांचं एक घर होतं. लग्नाआधी आई झालेल्या मुलींनी तिथं बाळ घेऊन जायचं, एक रात्र राहायचं आणि सकाळी बाळ ठेवून निघायचं. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तिचे आईवडील स्टेशनपर्यंतसुद्धा आले नव्हते. मुलगा होता. मार्टिन. तो पुढे कुणाकडे गेला, हे त्या बायका सांगत नसत आणि मुली विचारत नसत.

ते नाव या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. हिलरी एकुलती एक म्हणून वाढली होती. आई, आपण त्याला शोधू या, ती म्हणाली, अजूनही शोधता येतं. एनिडनं मान हलवली. जिनं कुणी त्याला वाढवलं, ती त्याची आई झाली, आता मी मध्ये जाऊन उभी राहणार नाही, असं ती म्हणाली. मग तिनं विचारलं की बसमध्ये हल्ली कंडक्टर नसतो ना. कधीचे गेले ते, हिलरी म्हणाली, ड्रायव्हरच पास बघतो. बरं झालं, एनिड म्हणाली.

“बसमध्ये काय झालं होतं, आई?”

एनिड खिडकीबाहेर पाहत होती. आवाज मात्र नेहमीसारखाच होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा.

“सकाळी त्यांनी बाळाची शाल परत दिली. मी ती छातीशी धरून बसमध्ये बसले. कंडक्टर आदल्या दिवशीचाच होता. भला माणूस. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, झोपलं वाटतं बाळ? मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर बिचारा किती ओशाळला असता. त्यानं सगळ्यांना खुणेनं गप्प केलं. अख्खी बस माझ्यासाठी कुजबुजत बोलत होती गं. मग लडलो येईपर्यंत मी ती शाल थोपटत बसले.”