हाकेचे नाव

अम्मानच्या त्या कचेरीत नवे फोन बसले होते; नाव उच्चारले की त्या व्यक्तीच्या टेबलावरचा फोन वाजे. रूला ही तरुण अभियंता प्रत्येकाच्या हाकेचे नाव यंत्रात घालीत होती. वृद्ध फव्वाझ यांची पाळी येण्यापूर्वी त्यांची जुनी सहकारी सिहाम हिने तिला बाजूला घेतले.

"सगळे त्यांना 'अबू सुहैब' म्हणायचे, सुहैबचे वडील. मुलगा गेला गं मागच्या महिन्यात. ते नाव घालू नकोस. आम्हीसुद्धा आता 'फव्वाझसाहेब'च म्हणतो."

रूलाने तसेच केले.

दुपारी फव्वाझ आले आणि रिसीव्हर उचलून म्हणाले, "बघू तुझं यंत्र, पोरी. आमच्या मॅनेजरपेक्षा तरी लवकर ऐकतं का?" मग त्यांनी सावकाश उच्चारले, "अबू सुहैब."

"या नावाची व्यक्ती येथे नाही," यंत्र स्वच्छ स्वरात उत्तरले.

सिहामने मान फिरवली. फव्वाझांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि ते रूलाकडे वळले.

 

"मुलगा गेला, पोरी, पण मी त्याचा बाप आहेच ना अजून?"