अठरा वर्षांचं कालवण

"म्हणजे तुम्हीच गुणवंती," उंबऱ्यात उभी राहिलेली अनोळखी बाई म्हणाली, आणि जेवणाऱ्यांचे हात ताटातच थांबले.

महादेवला जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध काल भटजींच्या मर्जीने पार पडलं. आजचं जेवण महादेवच्या मर्जीचं होतं. बांगड्याचं कालवण आणि भात. प्रभादेवीच्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून माणसं त्याच्या आठवणी काढून हसत होती. धक्क्यावरून ट्रकमध्ये मासळी भरून कोल्हापूरला जाणारा हा माणूस, पण लेकीच्या, शेफालीच्या, एकाही परीक्षेला घराबाहेर नव्हता. प्रत्येक थांब्यावरून बायकोला, गुणवंतीला, फोन करायचा. पहिला प्रश्न ठरलेला: "आज काय केलंस गो जेवायला?"

"मी चंपा," बाई म्हणाली. "कराडच्या अलीकडं खानावळ हाय माझी. अठरा वर्षं आठवड्यातनं दोनदा ह्यांची गाडी माझ्या दारात थांबायची. मग दुसराच कुणी गाडी घेऊन याय लागला, तवा कळलं. त्याच्याकडनं पत्ता घेऊन आले."

अठरा वर्षं. गुणवंतीच्या थोरल्या जावेची, सरोजिनीची भुवई वर गेली. ती भुवई महादेवच्या लग्नापासून या घटकेची वाट बघत होती. "मी बोलली होती ना गो," ती कुजबुजली, इतक्या हळू की जिन्यातल्या माणसालाही ऐकू जावं. "गाडीवाल्याचं एका घरात भागत नाय."

गुणवंतीने पाहुणीला एका नजरेत जोखलं. पंचेचाळिशीची. केस तेलाने चापून बसवलेले. हातात हिरव्या बांगड्या, म्हणजे नवरा आहे. निदान आहे असं दाखवते तरी. साडीची घडी आजच मोडलेली. एवढी नवी साडी कशाला? सत्तावीस वर्षांत गुणवंतीने नवऱ्यावर एकदाही संशय घेतला नव्हता. आता घ्यावा, तर जाब विचारायला समोर फक्त हार घातलेला फोटो.

"काय ते सगळ्यांसमोर बोला," ती म्हणाली.

"बोलते की. भांडायलाच आलेय." चंपाने पदर खोचला. "लई छळलं दादांनी मला. येताना बर्फातले दोन बांगडे आणायचे आणि चुलीपाशी उभं राहून कालवण सांगायचे. गुणवंती लसूण अस्सा ठेचते, गुणवंती पाणी एवढंच घालते. घास घेतला की मान हलवायचे. 'झकास झालंय, चंपा. पण गुणवंतीचं नाय.' अठरा वर्षं ह्येच! आमचे मालक हसून हसून बेजार. माझं कुठं चुकतंय ते शिकल्याबिगर मी हितनं हालायची न्हाई."

सरोजिनीची भुवई खाली आली आणि तिने निमूटपणे भात कालवायला घेतला. शेफाली हसता हसता डोळे पुसू लागली. गुणवंतीने चंपाला हाताला धरून पाटावर बसवलं, वाढलं. पहिल्याच घासाला चंपाने डोळे मिटले.

"ह्येच," ती म्हणाली. "ह्येच मला जमंना."

"यांनी काय काय घालायला सांगितलेलं?"

चंपाने बोटांवर मोजलं. "लसूण, मिरची, हळद, तुमच्या घरचा मसाला. आणि लिंबाएवढी चिंच."

"चिंच?"

"चिंचच. गळ्याची शपथ घेऊन सांगितलेली."

गुणवंतीने फळीवरच्या बरणीकडे पाहिलं. या घरात कालवणाला चिंच कधी लागली नव्हती. दर मे महिन्यात महादेव कोकणातून कैऱ्या आणायचा, स्वतः चिरायचा, ट्रकच्या टपावर वाळवायचा आणि आंबोशी कुटून तिची पूड वर्षभरासाठी बायकोच्या हाती द्यायचा. ही त्याने भरलेली शेवटची बरणी. म्हणजे तो विसरला होता, असं म्हणायला जागाच नव्हती. अठरा वर्षं हा माणूस कराडला जाऊन गळ्याची शपथ घेऊन खोटं बोलत होता.

वर्षभरात पहिल्यांदाच गुणवंती मोठ्याने हसली.

चंपाने पिशवीतून वही काढली. गुणवंतीने सगळं सावकाश सांगितलं, अगदी लसणाच्या पाकळ्यांपासून, एक अक्षर खोटं न बोलता.

"आणि आंबटाला?" चंपाने विचारलं.

गुणवंतीने फोटोकडे पाहिलं आणि बरणी हलकेच पिठाच्या डब्यामागे सरकवली.

"चिंचच," ती म्हणाली. "फक्त जरा जुनी बघून घे."