डाव्या सीटचा भार

एमरिस मेकॅनिकने शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दोन जोड्या मांडल्या, एक मऊ नि एक कडक. हेस्टरबाईंची साठ वर्षांची, दोन सीटची स्पोर्ट्स कार शेजारीच उभी होती.

“मावशी, गाडीत बसता किती जण?”

“एकटीच. एल्विनला जाऊन तीन वर्षं झाली की रे.”

“मग दरवर्षी डावाच शॉक कसा मरतो? शेजारी मेंढ्या भरता की काय?”

दर रविवारी नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवून हेस्टरबाई गाडीचं डावं दार उघडायच्या, आणि गाडी त्या अंगाला दबून हेलकावे खायची. एल्विन होताच तसा. चॅपेलात, प्रार्थनेच्या बाकावर त्याला दोघांची जागा लागायची. आता त्याचे हेलकावेच काय ते उरले होते.

“मऊ घाल बाबा.”

“डोंगरातल्या वळणावर पालथ्या व्हाल! कडकच घालतो.”

आणि घातलेच त्याने. मग डाव्या मडगार्डवर सगळा भार टाकून सोडला. गाडी एकदा उसळली नि गप्प झाली.

“बघा! आता हत्ती बसला तरी हलायची नाही.”

हेस्टरबाईंनी स्टिअरिंगमागे बसून डावं दार उघडलं आणि वाट पाहिली. गाडी तसूभर हलली नाही. डोळे पुसून त्यांनी किल्लीला हात घातला.

धाडकन डावं दार लागलं.

एमरिसच्या हातातला पाना गळून पडला. “मावशी, मी... मी तर इकडे आहे.”

हेस्टरबाई रिकाम्या सीटकडे वळल्या.

“एल्विन, किती वेळा सांगितलं, दार हळू लावत जा!”