पायवाटेवरचा ठिपका

जीपीएस यंत्र टेबलावर होतं, तरी ते कुठे आहे हे दाखवणारा त्याच्या नकाशावरचा निळा ठिपका सातपुड्यातून खाली सरकत होता.

रत्नाचा नवरा प्रेमराज चार वर्षांपूर्वी त्याच डोंगरात हरवला. भाऊबंद म्हणत, देह नाही तर दर्भाचा पुतळा करून दहन उरका; ती हो म्हणत नव्हती. शोधासाठी यंत्रात डोंगराचे नकाशे भरायला तिने कालच नवं मेमरी कार्ड आणलं होतं.

"मोठंच घ्या अक्का, पायवाटाही मावतील," चोपड्याचा दुकानदार म्हणाला होता.

आता पायवाटेनेच ठिपका येत होता.

"मना पोऱ्या जित्ता शे!" सासरे ओरडले.

ठिपका केळीच्या बागेतून अंगणात आला. रत्नाने दार उघडलं. भर उन्हात अंगण रिकामं होतं.

ती वळली. ठिपका घराच्या चौकोनात शिरला होता.

"आबा," ती म्हणाली, "उद्या त्यांच्या पुतळ्याला अग्नी द्या."