आठवणीसकट

तंत्रज्ञाने स्मृती पुसायची टोपी पुढे केली, तशा वीज आयोगाच्या नव्या न्यायाधीश मृणालिनी कर्णिक मागे सरकल्या.

“जुन्या नोकरीची आठवण तेवढी जाईल, मॅडम. त्याशिवाय तुम्ही निःपक्ष ठरत नाही.”

“आज समोर कोण आहे?”

“तुमचीच जुनी वीज कंपनी. ट्रान्सफॉर्मर फुटून दोघं गेले. आभाळातून वीज पडली म्हणतात.”

कर्णिकबाईंचं डोकं तापलं. देखभालीअभावी ट्रान्सफॉर्मर जळाला, की कंपनीतले साहेब वीज पडली असंच ठोकून द्यायचे, अगदी रखरखीत उन्हाळ्यातसुद्धा. आणि नेमकं तेच विसरायचं?

“मॅडम, टोपी न घालता बसलात तर पद जाईल!”

“गेलं तर गेलं. निकाल देऊनच उठेन.”

त्या तडक न्यायासनावर जाऊन बसल्या.

“वकीलसाहेब, मला सगळं आठवतंय. आता सांगा, वीज कुठे पडली?”